काठ सापडत नाही

साखर पेठेत, कारखान्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत
दिवसभर मी चादरींच्या नक्ष्या काढते.
मोर, कमळ, कुणाच्या लग्नातल्या आहेरावर नवरानवरीची नावं.
एक चौकोन म्हणजे एक धागा,
उचलायचा की खाली ठेवायचा, एवढंच ठरवायचं.
पंचकार्डाला भोक,
किंवा भोक नाही.

रात्री माग थांबतात. कान बराच वेळ चालूच राहतात.
मग मी माझं काम काढते.

एक जागा धरायची. शून्यापासून सुरू करायचं.
वर्ग करायचा, त्यात ती जागा मिळवायची.
आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग, पुन्हा तीच जागा.
काही जागा तिसऱ्याच फेरीत सुसाट सुटतात,
अक्कलकोट रोडच्या रिकाम्या ट्रकसारख्या.
काही घुटमळतात, शंभर फेऱ्या, दोनशे,
आणि मग जातात.
जाणाऱ्यांना मी रंग देते,
जितका उशीर तितका गडद.
न जाणाऱ्यांना काळा.

नर्सय्या कोंड्याल दारात येऊन उभे.
सत्तरीचा जॉबर, झोप नाही, बनियनवर सुताचा भुसा.
‘काय करलालीस गं भाग्या एवढ्या रात्री?’
सांगितलं. वजा एकाचं वर्गमूळही सांगितलं,
जे कुठल्याच पट्टीवर बसत नाही.
‘नाहीच तर मोजतीस कशानं?’
मोजता येतं, म्हटलं. तेच तर.

त्यांनी चष्मा पुसला, पडद्याला नाक लावलं.
काळा भुंगा, त्याच्या अंगावर केस,
एका केसाच्या टोकाशी आत गेलो
तर तिथे तोच भुंगा, मोहरीएवढा,
त्यालाही केस.
‘ह्या काठाला सूत किती लागंल?’

सोलापुरातलं सगळं सूत आणलं तरी पुरायचं नाही, काका.
आणि अख्खी नक्षी तळहातावर मावते.

ते थोडं थांबले.
‘मग ऑर्डर घेऊ नको,’ म्हणाले, आणि पाणी प्यायला गेले.

मोर मी काढला. त्याची मान मी वाकडी केली,
मालकांनी सरळ करायला लावली.
ह्या भुंग्याला मात्र मी हात लावलेला नाही.
कुणीच नाही.
इथे पहिला माग यायच्या आधी,
कापसाचं पहिलं बोंड फुटायच्या आधी
हा केस इथेच होता, असाच डावीकडे वळलेला.
कुठे होता, विचारू नका.
चादर डोळ्याशी नेली की मोर जातो, धागे उरतात.
इथे कितीही जवळ जा, धागा लागत नाही.
पंधराव्या दशांशाशी माझ्या यंत्राचाच दम संपतो,
चित्राचे ठोकळे पडतात.
ते ठोकळे माझे. पलीकडचं बारीक काम
न बघता चालूच.

एक गोष्ट काकांना सांगितली नाही.
काळा म्हणजे जाणारच नाही, असं नसतं.
मी हजार फेऱ्या मोजते आणि थांबते.
हजार एकाव्या फेरीला कुणी सुटलं असेल
तर ते माझ्या चित्रात काळंच.
काकांची दोन्ही मुलं भिवंडीला गेली,
एक लवकर, एक फार उशिरा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी.
काका दरवर्षी म्हणतात, यंदा माग विकतो.
त्यांना मी काळ्यात धरलंय.
माझं मलाच माहीत नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली.
चारशे बाराव्या ओळीवर चित्र तुटलं.
पत्रा अजून तापलेला,
काळोखात घागरीवर पेला ठेवल्याचा आवाज.

‘गेलं का गं तुझं चित्र?’

चित्र कुठं जातंय, काका.
लाईट गेली.